भागीरथाबाईंचा कलंडलेला वंशवृक्ष

वडशाच्या मिडल स्कूलमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या भागीरथाबाईंविषयी मी तिघांकडे चौकशी केली. घटना १९५६ची की १९५७ची, यावर त्यांचे एकमत नाही; त्या दुपारी वर्गात काय घडले, यावर मात्र आहे.

शाळेच्या प्रदर्शनासाठी बाईंनी एका पुस्तकावरून दहा जातींच्या बेडकांचा वंशवृक्ष मोठ्या कागदावर काढून वर्गाच्या भिंतीवर लावला होता. खोड बुडाशीच दुभंगत होते: डावीकडे एकच जात, उजवीकडे नऊ. दुसऱ्या दिवशी तपासनीस येणार होते. मुख्याध्यापक गुणवंतराव चित्रापुढे थबकले.

"बाई, तुमचं झाड कलंडून राह्यलं. दोन्हीकडं पाच-पाच करा, नाई तं उतरवा. साहेब हासन."

"भाऊ, बेडकांले प्रार्थनेच्या रांगेत उभं करू का?"

"मंग त्या एकट्यात काहीतरी खोट असन. त्याले वाढता काऊन नाई आलं?"

"खोट नसली तरी असं होते. दाखवतो तुमाले. नाई दिसलं तं मीच उतरवीन."

बाईंनी मुलांच्या जोड्या पाडल्या. प्रत्येक जोडीला एक थैली आणि दोन चिंचोके, एक साधा, एक चुना लावलेला: हे बुडाशी फुटलेले दोन वंश. न पाहता एक काढायचा. ज्या रंगाचा निघेल, त्या वंशाला फांदी फुटली. तो परत टाकून त्याच रंगाचा आणखी एक टाकायचा. थैलीत दहा झाले की थांबायचे. कोणत्याही चिंचोक्याला वरचढपणा नव्हता.

पहिली जोडी ओरडली, "पाच-पाच!"

"घ्या," म्हणत गुणवंतराव कागद उतरवायला पुढे झाले. तेवढ्यात मंगली नावाच्या मुलीने थैली उपडी केली: एक पांढरा, नऊ साधे.

"उतरवू नका, भाऊ," बाई म्हणाल्या. "अजून मोजून राह्यलो."

बाई फळ्यावर एकेक निकाल रेघेने मांडू लागल्या. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, पुढे नऊ-एकपर्यंत. मधल्या घरात ढीग होईल अशी गुणवंतरावांची खात्री होती. मुले थैल्या पुन्हा पुन्हा भरत गेली, आणि सगळीच घरे जवळपास सारख्या उंचीने चढत राहिली. एका रंगाचा एकटाच उरण्याची दोन घरे होती, दोन्ही टोकांची, पाच-पाचचे एकच.

"म्हंजे एकटा राहणं बरोबरीपरीस सोपं?" गुणवंतरावांचा आवाज चढला. "द्या ती थैली इकडं."

या खेळाने बेडकांचा इतिहास सिद्ध होत नाही, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. डावीकडे एकच जात असण्यासाठी वेगळे कारण मानण्याची सक्ती उरत नाही, एवढेच त्यातून निघते. पण एवढेदेखील त्या वर्गाने स्वतःच्या हातांनी काढले होते.

सकाळी तपासनीस आले, तेव्हा चित्र जागच्या जागी होते. ते काही विचारण्याआधीच गुणवंतराव म्हणाले, "साहेब, झाड कलंडलेलंच बरोबर आहे. हात घाला थैलीत, मंग बोलू."