होकाराचा दोना

मंडळीतली तरुण पोरं अधूनमधून माझ्या खोलीवर येतात आणि म्हणतात, पाद्रीबाबा, तुमच्या लहानपणाचं काही सांगा. त्यांना साक्ष हवी असते. वाघ अंगावर आला, प्रार्थना केली, वाघ निघून गेला, असलं काहीतरी. वाघ आमच्याकडे होते, पण ते कुणाच्या प्रार्थनेसाठी थांबत नसत, आपल्या वाटेने जात. माझ्या लहानपणी चमत्कार काही झाला नाही. एक लग्न झालं. ते मी पोरांना सांगत नाही, कारण त्यात दारू आहे. आता बल्लारपूरच्या या खोलीत मी एकटाच असतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नागपुरात त्याच्या व्यापात आहे. बोलायला कोणी नाही, तेव्हा लिहायला काय हरकत आहे?

आमचं गाव कोसमटोला, धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यात आणि चांदा मध्य प्रदेशात होता. आम्हाला या दोन्ही गोष्टींचा पत्ता नव्हता. गाव सगळं गोंडांचं, आम्हीही गोंडच. फरक इतकाच, की माझा बाप इसरू माझ्या जन्माआधी एका दुखण्यात मिशनच्या दवाखान्यात राहिला आणि तिथून बरा होऊन परतला तो ख्रिस्ती होऊनच. तिथे त्याला नथनेल असं नाव मिळालं. ते गावात कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून इसरू तो इसरूच राहिला. मी मात्र जन्मापासून शमुवेल. हाक मारायला सामू.

गावाने आम्हाला वाळीत टाकलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणाऱ्याला नेमकं तेच ऐकायचं असतं. आमचं छप्पर शाकारायला लोक यायचे, नांगर उसना मिळायचा, शिकार झाली की आमच्या घरचा वाटा पानात बांधून यायचा. वाळीत आम्हीच आम्हाला टाकलं होतं. पेरणीआधी गावदेवाची पूजा असली, बाबा जाणार नाही. सणाचा ढोल वाजला, आम्ही जाणार नाही. संध्याकाळी गावची पोरंपोरी गोटुलाच्या, म्हणजे तरुणांच्या सामाईक घराच्या, अंगणात जमून नाचायची, गायची. आम्ही दोघं भावंडं आमच्या अंगणात बसून ते ऐकायचो. माणसांच्या इतकं जवळ राहून इतकं एकटं असता येतं, हे मला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं.

रविवारी आमची उपासना भरायची. उपासनेला बाबा, बाई आणि मी. थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. तिचं नाव मंगली. आई, सुकरी, मी रांगत होतो तेव्हाच गेली. बाबा उपदेशाला उभा राहिला की शंभर माणसं बसली असल्यासारखा आवाज लावायचा. एकदा तर त्याने विचारलं, "मांगच्यायले आयकू येते ना?" मागे आमच्या शेळ्या होत्या. बाई इतकी हसली की पुढे गीताच्या वेळी तिला सूर सापडेना. आणि तिला नाही सापडला तर आम्हा बापलेकांना तो सापडायचा प्रश्नच नव्हता.

आईचा चेहरा मला आठवत नाही. आठवायला गेलो की बाईचाच समोर येतो. पावसाळ्यात नाला चढला की ती मला पाठीवर घेऊन पलीकडे न्यायची आणि मधोमध थांबून म्हणायची, "टाकू का आता?" गोटुलात जायला मिळत नाही म्हणून मी रुसून बसलो की नाल्यातली माती आणून तिचे बैल करून द्यायची. ते बैल कमी आणि डुकरं जास्त दिसायचे, पण तसं बोलायची सोय नव्हती. मोहाच्या दिवसांत उजाडता उजाडता आम्ही दोघं झाडाखाली फुलं वेचायचो. पहिलं फूल ती बुंध्याशी ठेवायची आणि म्हणायची, "बाबाले नोको सांगू." मी कधी सांगितलं नाही. घरी आल्यावर ती मोह भाजून त्यात चिंचोके घालून मला द्यायची. त्या चवीचं मी बल्लारपुरातल्या कोणाला काय सांगणार? इथल्या लोकांना मोह म्हटलं की एकच गोष्ट आठवते.

आमच्या घरात त्या एका गोष्टीला मज्जाव होता. बाबाने दारू सोडली होती, तीही देवासमोर शब्द देऊन. आमचा वाळवलेला मोह थोडा आम्ही खायचो, थोडा बाजारात जायचा, उरलेला बैलांना. "इसरूचे बैल मानसापेक्षा सुखी," असं गाव चिडवायचं. बाबाही हसायचा. पण गोंडाच्या जातीत जन्मून मोहाशिवाय जगणं सोपं नसतं. आमच्यात जन्म, मरण, भांडण, समेट, सगळ्याला मोहाच्या दारूचा दोना, म्हणजे पानाचा द्रोण, साक्षीला लागतो.

बाई लग्नाची झाली, झाली म्हणता म्हणता तिच्या बरोबरीच्या मुली लेकुरवाळ्या झाल्या. गडचिरोलीचे पाद्रीसाहेब म्हणत, मुलगी मंडळीतच द्या. पण मंडळीत गोंडाचं घर आमचं एकटंच. त्यांनी एक मुलगा सुचवला, तर त्याने बाईला न पाहताच ‘जंगलातली’ म्हणून नकार दिला. देव त्याचं भलं करो. माझ्या हातात असतं तर मी केलं नसतं.

अशात जंगूमामा आला. हा आईचा सख्खा भाऊ. आमच्यात रीत अशी, की ज्या घरातून सून आणली त्या घरी पुढच्या पिढीतली एक मुलगी द्यायची. दूध परत करणं म्हणतात त्याला. मामाला बरोबर आणलेल्या त्याच्या मुलासाठी, कोलूसाठी, बाई हवी होती. कोलू उंच, कमी बोलणारा, बासरी वाजवणारा. तो पाणी प्यायला आत आला आणि बाईने त्या दिवशी वरणात दोनदा मीठ घातलं. तिच्या मनात काय आहे ते बाबाला कळलं, मला कळलं, आणि जेवताना मामालाही कळलंच असणार.

मला ते लग्न नको होतं. यात लपवण्यासारखं काय आहे? बाई गेली की घरात उरणार मी आणि बाबा, आणि बाबा दिवसभर शेतात. पण हेही कळत होतं, की हे ठिकाण हुकलं तर बाईला दुसरं नाही. ती जन्मभर आमचा स्वयंपाक करत बसणार.

मळणी संपली आणि एका सकाळी मामा चार वडीलधारी माणसं आणि कोलूला घेऊन सोयरीक पक्की करायला आला. एकाच्या खांद्याला मोहाच्या दारूने भरलेला भोपळ्याचा तुंबा होता. मुलीच्या बापाने त्यातला दोना घ्यायचा, चार थेंब पूर्वजांसाठी भुईवर सोडायचे आणि उरलेलं प्यायचं. प्याला की मुलगी दिली. तोवर सगळी बडबड.

मामाने पळसाच्या पानाचा दोना भरून पुढे केला. बाबाने हात जोडले.

"पोरगी देली, जंगूभाऊ. मनापासून देली. पन हे नाई पेनार."

"असं कसं, भाऊजी? सुकरी तुले देली तवा माह्या बापानं तुमच्या तुंब्यातला दोना घेतला होता. तोंडचा शबूद हवेत जाते. दोना पोटात गेला तं शबूद पोटात राह्यते. उद्या माह्या गावचे इचारतीन, पोरगी देली का पळवून आनली? मी का सांगू?"

"मी देवाले शबूद देला हाये."

"तुह्या देवाले देला," मामा म्हणाला, "मंग मले कोन देईन?"

बाबाने जोडलेले हात सोडले नाहीत. खरं सांगायचं तर पुढे इतकी वर्षं धर्मशास्त्र शिकूनही मामाच्या या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही. म्हातारी माणसं उठून पागोटी सारखी करू लागली. कोलू भुईकडे बघत होता. दाराआड बाई उभी होती. तिची सावली आतल्या भिंतीवर हलत नव्हती.

मामाला उठवत नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली.

"घरात आनखी एक मरद हाये," तो हळूच म्हणाला. "बाप घरी नसला तं भावाचा दोना चालते."

मी जेमतेम नऊ वर्षांचा होतो; मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. सगळे बाबाकडे बघू लागले. बाप तर घरी होता, सगळ्यांच्या समोर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठला आणि म्हणाला, "बैलायले पानी दाखवून येतो."

बैलांना सकाळीच पाणी दाखवून झालं होतं. मीच दाखवलं होतं.

तो कुडाच्या पलीकडे गेला आणि मामाने दोना माझ्या हातात दिला. बाप घरी नव्हता. आता नाही म्हणायचं तर मीच म्हणायचं होतं. मी बाईकडे पाहिलं. ती दारात आली होती. तिने डोळ्यांनी होकार मागितला असता, तर मी कदाचित दोना भिरकावून दिला असता, इतका रडकुंडीला आलो होतो. पण तिने मागितला नाही. मी तिच्याकडे पाहतो आहे हे कळताच तिने मान फिरवली, माझ्यावर भार पडू नये म्हणून. आयुष्यभर ती तशीच होती.

मी प्यालो. दोना तोंडाला लावताना थोडी भुईवर सांडली. ती पूर्वजांना पोचली असं मामाने मानून घेतलं. घसा जळत गेला, डोळ्यांतून पाणी आलं. मोठी माणसं हसली. त्यांना वाटलं, पाणी दारूचं आहे.

बाबा परत आला तेव्हा गडव्यात पाणी घेऊनच आला. "चूळ भर," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो विषय त्याने मरेपर्यंत काढला नाही आणि मीही काढला नाही. मला त्याचा पस्तावा नाही. पाद्री झाल्यावर दारूच्या विरुद्ध मी भरपूर उपदेश केले, पुन्हा करायला सांगितले तर करीन. पण तो दोना त्या हिशेबात येत नाही. आणि लग्न लावायच्या आधी नवरीचा धाकटा भाऊ असेल तर त्याला बाजूला घेऊन विचारतो, "तुझं काय म्हणणं आहे रे?" मंडळी हसते, म्हातारा चळला म्हणते. पोरगं खाली बघून ‘हो’ म्हणतं. मग मी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो.

लग्न मामाच्या गावी झालं. इथून निघायच्या सकाळी बाईने सगळं आवरलं. घर सारवलं, तांदूळ पाखडून ठेवले, नाल्यावर खेपा करून माठ काठोकाठ भरला. माझे केस ओढून ओढून विंचरले. "माठ भरला हाये, सामू. दोन रोज पुरन," म्हणाली आणि वऱ्हाडाबरोबर पायवाटेने निघाली. आम्हीही गेलो. लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच परत आलो.

घरी आल्यावर मला तहान लागली होती. माठावरचं झाकण काढलं. आत पाणी होतं तसंच होतं, काठापर्यंत. मी लोटा बुडवणार तेवढ्यात मनात आलं, हे पाणी बाईने भरलं आहे. प्यालो की संपणार. मी झाकण ठेवलं आणि नाल्यावर गेलो.

नाल्यावर बाबा आधीच आला होता. गुडघ्यांवर बसून ओंजळीने पाणी पीत होता. माझी चाहूल लागली तसं त्याने तोंड पुसलं.

"घरी माठ भरला हाये ना?" मी विचारलं.

"हाये," तो म्हणाला.

मग थोडा सरकला आणि मला पाणी प्यायला जागा करून दिली.