वरचा पट्टा

हॉकीतल्या गोलकीपरला एकट्यानं तयार होता येतं, असं म्हणतात. मापाचं कीट असेल तर येतही असेल. कळंबच्या आमच्या शाळेतलं कीट मोठ्या पुरुषाच्या मापाचं होतं, त्यातला फोम जागोजागी दबलेला होता आणि ते माझ्या अंगावर बसवायला दुसऱ्या कुणाचे तरी दोन हात लागायचेच.

ते हात आमच्या बॅकला खेळणाऱ्या मुलीचे. ती माझ्याच वर्गात होती, माझ्याच बाकावर बसायची. आठवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक मॅचला तिनंच मला बांधलं. आधी बुटांवर किकर, म्हणजे फोमच्या जाड खोळी, चढवायच्या आणि त्यांचे पट्टे तळव्याखालून ओढून घ्यायचे. मग पायाचा पॅड किकरवर असा टेकवायचा की मधे बोटभरही फट राहू नये. बकल सगळे पायाच्या बाहेरच्या अंगाला, नाहीतर पळताना एकमेकांत अडकतात. पट्टे खालून वर बांधत यायचे. खालचे दोन घट्ट आणि गुडघ्याजवळचा वरचा जरा सैल, म्हणजे गुडघा वाकतो. पॅड इतका रुंद होता की नडगी आणि पॅड यांच्यात माझी मूठ जायची. तिथं ती जुन्या टॉवेलची घडी घालायची. डाव्या पॅडच्या वरच्या पट्ट्याचं बकल केव्हाच तुटलेलं होतं. तिनं घरून खाटेच्या नवारीची एक पट्टी आणली होती, ती ओवून दुहेरी गाठ मारायची.

"वाक," ती म्हणायची. मी वाकायची.

"आता बाजूला पाय टाक. फिरतोय का?"

"नाही."

मग छातीचं गार्ड, गळ्याचा पट्टा, हेल्मेट. हनुवटीखाली एक बोट घालून ती बघायची. हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण ते घातले की मला नाकही खाजवता यायचं नाही. तेही तिला सांगावं लागायचं आणि ती हसत हसत स्टिकच्या टोकानं खाजवायची.

दहावीच्या वर्षी शाळेला नवं कीट आलं. मुलींच्या मापाचं, हलकं, सगळे क्लिप शाबूत. आम्ही दोघी ते बघायला क्रीडा विभागाच्या खोलीत गेलो, तर खेळाच्या सरांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलेलं. पाहणीला वरून माणसं येणार होती, तोवर प्लास्टिक काढायचं नव्हतं. पाहणी दिवाळीनंतर होणार होती. विभागीय स्पर्धा त्याच्या आधी, लातूरला.

लातूरला मॅचच्या सकाळी पॅड बांधताना ती थांबली आणि नवार बोटांत धरून सरांकडं गेली.

"सर, ही नवार विरलीया. नवं कीट आणायला पाहिजे व्हतं."

"एवढी मॅच काढा," सर म्हणाले. "जिंकलात तर पुढच्या फेरीला आणू."

तिनं विरलेला भाग बाजूला घेऊन गाठ मारली. मी वाकले, बाजूला पाय टाकला. पॅड फिरला नाही. हे मला आजही नक्की आठवतं.

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू खालून, माझ्या डावीकडं आला. मी पाय आडवा टाकला आणि त्याच क्षणी नवार तुटून पॅड आतल्या बाजूला फिरला. गुडघ्याखाली उघड्या नडगीवर चेंडू बसला. हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. मी पडल्यावर सगळ्यात आधी तीच पोचली. माझं हेल्मेट काढलं, मग पॅड सोडवायला लागली. सर आले तसा तिनं नवारीचा तुकडा त्यांच्यासमोर धरला.

"सर, गाठ तशीच हाय. नवार तुटलीया."

सरांनी तो तुकडा घेऊन खिशात घातला.

तिसऱ्या दिवशी सर दवाखान्यात आले. आई चहा आणायला खाली गेली होती. त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. शाळेला अहवाल द्यायचा होता, असं म्हणाले. कागदावर लिहिलं होतं की सहकारी खेळाडूनं पॅड नीट न बांधल्यामुळे तो सुटला आणि दुखापत झाली. नव्या कीटचा शब्दही नव्हता.

"सर, तिनं नीट बांधला होता."

"मला माहिती आहे," ते म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. "पण कीटचं नाव निघालं तर शाळेचा हॉकीचा संघच बंद होईल. आणि तिला काही होणार नाही, शाळेतली मुलगी आहे. तुझ्या दहावीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव मलाच पाठवायचाय ना?"

धमकी दिली असं म्हणता येणार नाही, इतक्या साध्या आवाजात ते बोलले. मी सही केली. आई चहा घेऊन आली, सरांनी चहा घेतला आणि गेले.

तिला काही होणार नाही, हे खोटं निघालं. तिला संघातून काढलं. वर्गात तिच्यावर बोलणी सुरू झाली, गल्लीतही पोचली. मी पायाला प्लास्टर घालून शाळेत गेले त्या दिवशी ती आमच्या बाकावरून उठून मागं जाऊन बसली. कागद तिला वाचून दाखवला होता, खाली माझी सही होती. मला चार शब्द बोलता आले असते. माझा पाय दुखत होता, सगळे माझी चौकशी करत होते, आणि ते मला आवडत होतं.

माझे क्रीडागुण आले. तिचा प्रस्ताव गेलाच नाही. ती गणितात थोडक्यात राहिली, ते गुण मिळाले असते तर पास झाली असती. पुढं तिनं परीक्षा दिली नाही. दोन वर्षांनी तामलवाडीला तिचं लग्न झालं, हे मला कुणाकडून तरी कळलं.

गेल्या वर्षी धाराशिवच्या एसटी स्टँडवर ती भेटली. मी तिथंच एका कार्यालयात नोकरीला आहे. तिच्या हातात खताच्या पिशवीतून शिवलेली थैली होती आणि ती सोलापूरच्या गाडीची वाट बघत होती. मी जवळ गेले. तिनं ओळखलं.

"पाय बरा हाय का?" तिनं विचारलं.

"थंडीत दुखतो."

"व्हय, दुखंलच."

मग थोडा वेळ आम्ही गाड्यांचे बोर्ड वाचत उभ्या राहिलो. मी म्हणाले, "तुझं बांधलेलं नीट होतं."

"ते मला माहिती व्हतंच की," ती म्हणाली. "सरांच्या निरोपाला तू बोललीस ना? नणंदंनं मोबाईलवर दाखवलं. चांगलं बोललीस."

सर रिटायर झाले तेव्हा शाळेनं मला माजी खेळाडू म्हणून बोलावलं होतं. सरांनी आम्हा मुलींना मैदानावर आणलं, असं मी माईकवर म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या.

"मी आता सगळ्यांना सांगते," मी म्हणाले.

"कुणाला? आन कशाला?" तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "माझ्या बापानं मरंपर्यंत मला इचारलं, पोरी, तू असं कसं बांधलंस. त्याला सांगायचं व्हतं तवा."

गाडी लागली. ती चढली, खिडकीजवळ बसली आणि पदर सारखा करत समोर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहिलं. कीट, कुलूप, कागद, सही. एकानं जोडलेले हात टाकले. एकीनं लिहिलं, सर आता थकलेत, जुनं कशाला काढायचं. संध्याकाळी कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि शुभेच्छा सुरू झाल्या. ती त्या ग्रुपमध्ये नाही. तिचा नंबर मी स्टँडवर मागितला नव्हता, आणि कुणाकडून मिळवला तरी फोन लावून काय बोलायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.