रॉस्कोला चिकटलेला शब्द

व्हर्लीन टॉलिव्हर न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत एका लाँड्रीत शर्टांना इस्त्री करायची. आठवडाभर वाफेत उकडून निघाली तरी शनिवारी दुपारी नाचाच्या हॉलवर जायला तिच्या पायांत बळ उरायचंच. नाच तिला शिकवला होता थोरल्या भावानं, रॉस्कोनं, स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवून. त्या नाचाला हार्लेमची माणसं लिंडी म्हणत. डाउनटाउनची गोरी मंडळी मात्र नाचालाही आणि नाचणाऱ्यालाही जिटरबग म्हणायला लागली होती.

टॉलिव्हरांच्या घरात हा शब्द कुणी काढत नसे. जिटर म्हणजे कापरं, बग म्हणजे किडा. सकाळी घोटभर दारू पोटात जाईपर्यंत ज्याचे हात लटलटतात, त्या बेवड्याचं ते नाव. नाचाला ते पुढे चिकटलं, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून पहिलाच अर्थ होता. रॉस्कोनं सहा वर्षं ते नाव अंगावर वागवलं. गल्लीतले लोक मागून हाका मारायचे आणि व्हर्लीन मान खाली घालून त्याला घरी न्यायची. मग एका ईस्टरला त्यानं बाटली सोडली ती सोडलीच. दोन वर्षांनी चर्चनं त्याला दारावरच्या सेवेकऱ्यांत घ्यायचं ठरवलं. पांढरे हातमोजे घालायचे आणि आल्यागेल्याला जागा दाखवायची, एवढंच काम. यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. पण ज्याला त्या दारातून दंड धरून बाहेर काढलं होतं, त्याला त्याच दारात ताठ उभं राहायचं होतं. दुसरं काही तो मागत नव्हता.

हातमोजे मिळायच्या रविवाराला आठवडा उरला असताना शनिवारी हॉलवर स्पर्धा होती. व्हर्लीनच्या जोडीदाराचा पाय मुरगळला आणि बघायला आलेला रॉस्को कोट काढून मधे उतरला. दोघं असे नाचले की बँडवाल्यांनीही माना डोलावल्या. बक्षीस मिळालं. डाउनटाउनच्या पेपरचा एक बातमीदार वही काढून व्हर्लीनपाशी आला आणि हा गडी कोण, म्हणून विचारू लागला.

"हा हार्लेममधला सगळ्यात भारी जिटरबग," ती म्हणाली. "माझा भाऊ. रॉस्को टॉलिव्हर."

शब्दाचा अर्थ तिच्याइतका कुणाला ठाऊक होता? पण गोऱ्या पाहुण्याला त्याच्याच शब्दात खूश करायची हौस आली, आणि जीभ घसरली.

बुधवारी पेपरात फोटो आला. गुडघे वाकलेले, तोंड उघडं, हात हवेत, आणि खाली छापलेलं: हार्लेमचा सर्वांत मोठा जिटरबग, रॉस्को टॉलिव्हर. चर्चमध्ये वयस्क बाईला मानानं मदर म्हणत; सेवेकऱ्यांच्या प्रमुख मदर गॅडिस अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नाचाच्या हॉलची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. त्यांना फोटोत झिंगून पडणारा माणूस दिसला आणि खाली बेवड्याचं ते जुनं नाव.

गुरुवारी गायकवृंदाच्या तालमीला त्यांनी कात्रण सगळ्यांसमोर धरलं आणि हे पेपरवाल्यांना कुणी सांगितलं ते विचारलं. व्हर्लीन पहिल्याच रांगेत होती. रविवारी तिला आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं गायचं होतं. तिनं भजनाच्या पुस्तकात डोकं घातलं.

रविवारी ती गायली. बायका डोळे पुसत होत्या. हातमोजे दुसऱ्याच कुणाला मिळाले होते आणि रॉस्को शेवटच्या बाकावर खिशात हात घालून बसला होता. त्यानं तिला शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर घेवडा वाढून घेताना तो एवढंच म्हणाला, "छान गायलीस गं."

त्यानंतर तिला घास गोड लागेना. लाँड्रीत तिनं तीन शर्ट जाळले. शेवटी पंधरा दिवसांनी, जनाची नाही तर मनाची म्हणून, ती मदर गॅडिसांच्या घरी जाऊन उभी राहिली.

"मदर, तो शब्द मी सांगितला होता. नाचाबद्दल. रॉस्को थेंबभरही प्यालेला नाही."

म्हातारीनं तिला जवळ बसवून घेतलं. "रॉस्को मागेच येऊन गेला, पोरी. म्हणाला, शब्द माझ्याच तोंडचा, गाणाऱ्यांतल्या कुणाला विचारू नका. प्यालास का म्हटलं, तर नाही म्हणाला. बेवड्याचं 'नाही' मी चाळीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकलंय."

"मदर, मी खरं सांगतेय."

"भावासाठी खोटं बोलतेयस. माफ आहे तुला. बहीण असावी तर अशी."

व्हर्लीननं शपथ घेतली, रडली. ती जितकी रडली तितकी म्हातारीची खात्री पटत गेली. तालमीत तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. आता तिच्या खऱ्याला कवडीचीही किंमत नव्हती.

पुढच्या रविवारी मदर गॅडिस भर चर्चमध्ये उठल्या आणि दारुड्या भावाचा डाग आपल्या अंगावर घ्यायला निघालेल्या बहिणीची गोष्ट त्यांनी सांगितली. बाकाबाकांतून आमेन उठलं. सगळ्यात मोठ्यानं म्हणाला तो शेवटच्या बाकावरचा रॉस्को. व्हर्लीननं वळून पाहिलं. तो टोमणा मारत नव्हता, बहिणीचं कौतुक होतंय म्हणून मनापासून हसत होता.