चोवीस दात्यांचं चाक

लाकडी घड्याळ बनवायचं डोक्यात आलं, तेव्हा मी पहिली हुशारी केली ती म्हणजे वडिलांना काही विचारलं नाही. बाबांनी कोलशेतच्या कारखान्यात एकतीस वर्षं गिअर कापले. पितळी, लोखंडी, नाण्याएवढे, परातीएवढे. मी जन्मभर ऑफिसात कागद कापले. तरी डोंबिवलीतल्या आमच्या घरात घड्याळातला तज्ज्ञ कोण, तर मी. कारण मी तीन व्हिडिओ पाहिलेले.

गॅलरीत प्लायवूड कापायला बसलो, तर बाबा स्टूल ओढून शेजारी आले. त्यांनी कानस उचलली. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. चहा कपात कमी, बशीत जास्त.

"एक चाक मला दे," ते म्हणाले. "एकच."

"बाबा, मला दाते पाडायचेत. किसणी नाही करायची."

बायको आतून "अहो!" म्हणून ओरडली. बाबांनी कानस खाली ठेवली. मला मात्र स्वतःचा विनोद इतका आवडला की संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर मी तो दोनदा सांगितला.

माझं डिझाइन सोपं होतं. वर मिनिटांची तबकडी, खाली तासांची वेगळी. मिनिटकाट्याच्या मागे आठ दात्यांचं चाक, त्याला भिडलेलं तासकाट्यामागचं शहाण्णव दात्यांचं. लहान बारा वेळा फिरलं की मोठं एकदा. बाबांनी कागद बघितला, चष्मा पुसून परत बघितला आणि गप्प बसले. मला वाटलं, भारावले.

चार महिन्यांचे रविवार गेले. शेवटी सत्यनारायणाच्या पूजेला माजिवड्याहून सासुरवाडी आली, तो मुहूर्त धरून मी अकरा वाजता लंबक हलवला. टक, टक. टाळ्या पडल्या. जेवणं उरकून लोक पाहतात, तर मिनिटकाटा एक फेरी पूर्ण करून आलेला आणि तासकाटा दहावर.

"जावईबापू," सासऱ्यांनी टकलावरून हात फिरवला, "याच्यासमोर रोज बसलो तर परत उगवतील का हो?"

हशा ओसरल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "दोन चाकं भिडली की एकमेकांच्या उलटच फिरणार. मध्ये तिसरं लागतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कागद बघितला तेव्हाच."

"मग चार महिने बोलला का नाहीत?"

"मी किसणीवाला. मला कोण विचारतंय?"

दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा होता. बायकोचाही.

आता तिसरं चाक त्यांना नाकारायला मला तोंड नव्हतं. चोवीस दाते. आठ दिवस ते खिडकीशी बसून, मनगटाखाली उशी घेऊन कानस चालवत होते. तेवीस दाते असे झाले की माझे झाकून ठेवावेत. अकराव्यावर हात उडाला आणि दात्याचा कोपराच गेला. ते चाक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. "बसव," म्हणाले, आणि दिवा गावात माझ्या आत्याकडे दोन दिवस राहायला गेले.

त्या दोन दिवसांत मी तेवढ्याच दात्यांचं दुसरं चाक कापलं. त्यांचं माळ्यावर, मिक्सरच्या खोक्यात टाकलं.

"बसवलं हं तुमचं," ते आल्या आल्या मी म्हणालो. "एकदम मस्त चालतंय."

त्यांनी खुर्ची घड्याळासमोर ओढली. जेवायला हाक मारली तर "नंतर" म्हणाले. आठ दात्यांचं चाक तासाला एक फेरी मारतं, म्हणजे चोवीस दात्यांचं तीन तासांत एक. हे गणित मला सुचलंच नाही. त्यांना सुचलेलं. मी दोनदा विचारलं, "काय बघताय एवढं?" ते तासकाट्यावरून नजर न काढता म्हणाले, "काही नाही रे."

तीन तास भरले. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले.

"माझं असतं तर एव्हाना एकदा तरी अडखळलं असतं," ते म्हणाले. "चांगलं चालतंय. सूनबाई, वाढ गं."

घड्याळ अजून चालतं, मिनिटाचाही फरक नाही. बाबा त्याच्याच खाली बसतात, आणि वेळ बघायची झाली की थरथरत्या बोटांनी खिशातला मोबाइल काढतात.