घरापुरती साइट

हॉस्पिटलच्या तळघरात, सर्व्हरच्या खोलीत बसणाऱ्या तिला सगळे ‘पत्तेवाली’ म्हणत. एखाद्या साइटचं नाव टाकलं की तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देतो तो रिझॉल्व्हर, आणि त्याची देखभाल तिच्याकडे. तो रुसला की एक्स-रेपासून औषधांच्या खिडकीपर्यंत सगळे तिच्याच नावाने शंख करत.

तिचा धाकटा भाऊ जुने रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या साइटवर कुठकुठले लोक प्रश्न विचारत. “अहो, झाकण उघडून तरी बघा, चावत नाही ते,” असं तो उत्तर लिही. चौतिसाव्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. तेव्हापासून शिवणकाम सोडलेले वडील रोज सकाळी चहाबरोबर त्याची उत्तरं वाचत बसत.

दहा महिन्यांनी एका सकाळी तिथे भलतंच पान उघडलं. “अगं, हे काय आलंय?” वडील कावरेबावरे झाले. तिने ऑफिसात जाऊन ‘डिग’ची, नावामागचा पत्ता दाखवणारी कमांड चालवली. पत्ता परका आला. साइटचं नाव दरवर्षी पैसे भरून राखावं लागतं; त्या नूतनीकरणाची पत्रं भावाच्या मेलवर पडून राहिली होती; मुदत संपली आणि ते नाव कुण्या सट्टेवाल्याने उचललं होतं.

तिच्याकडे साइटची प्रत होती; ती तिने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवली. घरच्या इंटरनेटसाठीही तिने एक छोटा रिझॉल्व्हर बसवला होता; त्यात तिने एकच ओळ लिहिली: हे नाव कुणी विचारलं, तर आपल्या कपाटातल्या जुन्या कॉम्प्युटरचा पत्ता सांग.

“आलं बघ!” वडील म्हणाले. “वायर सैल असेल.”

“हो बाबा.”

असंच दोन वर्षं चाललं.

मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे, रांगेतल्या माणसाच्या मोबाइलवर वडील कौतुकाने मुलाची साइट दाखवायला गेले. उघडला सट्टा. तो माणूस गालात हसला. वडील घरी आले ते चपलांसकट खुर्चीत बसले. तिने सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे दोन वर्षं मी एकटाच वाचत होतो?”

“हो.”

“आणि मला वाटलं, लोक विसरले त्याला. कुणाचा प्रश्न नाही, एक ओळ नाही. त्याचा तो जिवलग दोस्त गेल्या वर्षी आला होता, तू कामावर असताना. मी दारातूनच परत पाठवला. म्हटलं, तिथे दोन शब्द लिहायला होत नाहीत, आता कशाला आलास?”

हे तिला ठाऊकच नव्हतं.

आठ दिवसांत तिने नवं नाव विकत घेतलं, साइट त्यावर चढवली, घरची ओळ पुसली. ऑफिसातून, शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून तपासलं. सगळीकडून एकच पत्ता आला.

तिने सांगितलं, तेव्हा वडिलांनी दोस्ताचा नंबर लावला. त्याच्या बायकोने उचलला. तो नोकरीसाठी परदेशी गेला होता.

“तुमच्याकडून आले त्या दिवशी जेवले नव्हते,” ती म्हणाली.

वडिलांनी नव्या नावाचा कागद पुढे ओढला. “त्याला साइटचं नवं नाव कळवशील? लिहून घे, पोरी.” आणि एकेक अक्षर ते सावकाश, दोनदोनदा सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रश्नांची जागा रिकामी होती.

“कालच तर सुरू झालंय,” वडील म्हणाले.

महिन्याभरानेही ती रिकामीच होती, आणि ते तेवढंही म्हणेनासे झाले.