बावीस वर्षांचे डाग

सूर्यावरचे डाग मोजायला बसलं की डाग थोडे सापडतात, माणसांच्या गोष्टीच जास्त साठतात. लिंबागणेशला माझ्या गच्चीवर रोज सकाळी आम्ही तिघं बसतो: मी, रिटायर झालेले रंगनाथ मास्तर आणि शेळ्या राखणारी शेजारीण सुभद्रा. दुर्बिणीला डोळा कुणी लावायचा नाही. मागं पांढरा कागद धरला की सूर्य त्यावर उतरतो. ज्यानं त्यानं आपल्या कागदावर डाग काढायचे, मग जुळवायचे. माझा कुणावर भरवसा नाही, म्हणून हा नियम. जुळलेले डाग वहीत जातात. बावीस वर्षं झाली. आता बीडच्या एका कॉलेजानं वही मागितलीय.

०००

मास्तर म्हणतात, डाग गुरू ग्रह वाढवतो. आता डाग वाढतात साधारण अकरा वर्षांनी, गुरूला सूर्याभोवती फिरायला लागतात जवळपास बारा. मी विचारलं, "एक वर्ष कुठं गेलं?"

"एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय, बाई?"

"शाळेत तुमी एका मार्कानं पोरं नापास करत होता, तवा?"

०००

एक पुढारी जीप घेऊन आले. "डाग वाढले की सत्ता पालटते म्हणं?"

"साहेब, सूर्याच्या डागांचा अकरा वर्षांचा एक फेरा होईस्तोवर तुमी तीन पक्ष फिरून आलात. सूर्य कुणाकुणाच्या मागं पळंल?"

चहा न घेताच गेले.

०००

एकदा आभाळ गच्च भरलेलं. माझा कागद कोरा, सुभद्राचा कोरा. मास्तरांच्या कागदावर पाच डाग!

"गुरूची जागा बघता आज पाच पाहिजेत," मास्तर म्हणाले. "आभाळामागं असतीलच की."

त्या दिवसापासून वही कुलपात.

०००

परवा मास्तरांचा आणि माझा कागद तंतोतंत जुळला. डावीकडं, खाली, एक डाग. माझ्यावरूनच उतरवला असणार, मी मनात म्हटलं. सुभद्राच्या कागदावर मात्र काही नाही.

"तुला दिसला न्हाई का गं?"

"दिसला की, आक्का. पयले मीबी काढला. पण सहा दिस झाले, त्यो तिथंच बसलाय. सूर्य फिरतो, डाग सरकतात, तूच सांगितलंस नव्हं? माझी म्हातारी शेळीबी एवढी बसत न्हाई."

तिनं दुर्बिणीची मागची काच पदरानं पुसली. डाग गेला.

मास्तर हसले नाहीत. मी सहाही पानांवर लाल पेनानं लिहिलं, 'डाग सूर्याचा नव्हे, काचेचा.' खाली सही केली. वही कॉलेजासाठी पिशवीत घातली.

जिना उतरता उतरता सुभद्रा म्हणाली, "आक्का, ही काच ह्याच्या आदी कवा पुसलीवती?"

मी वही पिशवीतून काढली. चष्मा लावला. पहिलं पान उघडलं.