हसीनाबीची गाडी पल्याड गेली

मार्गशीर्षातली सकाळ. ईट गावच्या शिवारावर धुकं असं बसलं होतं, की शेजारच्या घराचा पत्रासुद्धा दिसत नव्हता. त्याच्यावरून दव ठिबकत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. हसीनाबी मणेरीण अंगणातल्या चुलीपुढं बोटं शेकत बसली होती. थंडीनं बोटं आखडली की बांगडी भरता येत नाही, भरणारीलाच ती आधी बोचते. बोटं मऊ झाली तशी ती उठली, पत्र्याच्या दोन पेट्या पुढ्यात ओढल्या आणि हिरव्या काचबांगड्यांचे दोऱ्यात ओवलेले तोडे चिंध्यांत गुंडाळून एकेक खाली बसवायला लागली. तोड्याशेजारी तोडा, मधे चिंधी, कोपऱ्यात चिंधी, वरून चिंधी. पेटी भरली की दोन्ही हातांनी हलवून कान लावायची. किण्ण असा एवढासा जरी आवाज आला, तरी उघडून पुन्हा भरायची.

हे तिला सासूनं शिकवलं होतं. "हलायला जागा दिली की काचा एकमेकींशी भांडत्यात," म्हातारी म्हणायची. सासू डोक्यावर टोपली घेऊन पायी हिंडली. हसीनाबी वीस वर्षं एसटीनं हिंडली, आणि एसटीच्या पायरीवरून पडून गुडघा गेला तेव्हा घरचे म्हणाले, आता बस कर. तिनं बस केलं नाही. बॅटरीवर चालणारी लहान गाडी घेतली. बावन्नाव्या वर्षी, डोक्यावर पदर, पुढं एक पेटी, मागं एक पेटी. "हसीनाबी विमानात बसली," म्हणून गाव आठ दिवस हसलं. नवव्या दिवशी गावाला सवय झाली.

आज मात्र नवरा आयुबच आडवा आला. "सुनो, कायकू जाते? पूल तो गया ना!"

खरंच होतं ते. भाद्रपदात पाऊस असा झोडपून गेला, की तलावाच्या सांडव्याखालचा पूल खचून वाहून गेला. पल्याडची माळेवाडी, जिथं हसीनाबीच्या सासूनं पन्नास वर्षं लेकीबाळींचे हात भरले, ती एकदम परमुलखात गेल्यासारखी झाली. भूमवरून वळसा घालून जायचं तर अडतीस किलोमीटर, आणि गाडीची बॅटरी पंचवीसला जीव सोडते.

आणि आज माळेवाडीत चन्नम्माआवाच्या नातीची हळद होती. रात्रीच नातीचा, शिवरंजनीचा फोन आला होता. पोरगी चाचरत बोलत होती. "भाभी, पूल न्हाय, तुमी कशा येणार? आत्या म्हणत्यात भूमहून पार्लरवाली येणारच हाय मेकअपला. तिच्याकडं बांगड्यांचा सेट बी हाय."

मागनं म्हातारीनं फोन ओढून घेतला. चन्नम्माआवा मूळची आळंदकडची, साठ वर्षं झाली तरी बोलण्यात कानडी शिल्लक. "हसीना, बा! येच तू! अकराला हळद लागंल. अकरापर्यंत पोरीच्या हाताला कुणाला शिवू देत न्हाय म्या. अकरानंतर माझं कुणी ऐकणार न्हाय बघ."

हसीनाबी रातभर तेवढंच घोकत होती. आज एका नवरीचा हात गेला, की या मोसमातल्या सगळ्या नवऱ्यांचे हात गेले. पार्लरवाली एकदा घरात शिरली, की मणेरीण उंबऱ्याबाहेर. सासूनं पायी तुडवलेली वाडी आपल्या हातून जायची.

"पूल गेलाय, पानी थोडंच गेलंय?" ती आयुबला म्हणाली आणि गाडी सुरू केली.

तलावावर दोन वर्षांपासून सहलीची बोट फिरत होती. वर रंगीत झालरीचं छत, आत बाकडी, एक भोंगा, लोखंडी पाइपाचे कठडे. हौशी लोकांना घेऊन ती पल्याडच्या महादेवाच्या देवळापर्यंत जायची, दर्शनापुरती थांबायची, माघारी यायची. आणि देवळापासून माळेवाडी अवघी तीन किलोमीटर.

धुकं विरळ होत होतं. धक्क्यावर बोटवाला महांतेश डबा घेऊन आत शिरलेलं पाणी उपसत होता. हसीनाबीनं गाडी थेट फळीपाशी आणून उभी केली.

"मावशी, आज फिरायला?"

"फिरायला न्हाय, जायाला. म्या, दोन पेट्या आन ही."

महांतेश गाडीकडं बघून हसला. मग तिच्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. "गाडी? बोटीत? न्हाय मावशी. पेट्या घ्या, गाडी हितं झाडाखाली लावा."

"आन पल्याड तीन किलोमीटर चढण डोक्यावर पेट्या घेऊन चढू? ह्या गुडघ्यानं?"

"कुणाची तरी फटफटी बोलावतो की."

"दुसऱ्याच्या फटफटीवर काच देत न्हाय म्या." हसीनाबीनं धक्क्यावरच्या पाटीकडं बोट केलं. "वाच काय लिवलंय."

"मद्यपान करू नये. धूम्रपान करू नये. पाळीव प्राणी आणू नयेत."

"मग? ही पाळीव हाय का प्राणी हाय?"

"मावशी, मालक मला बडवंल!"

"महांतेशा, तुझ्या लग्नात तुझ्या बायकोचा चुडा कुणी भरला रं? हात घट्ट म्हणून रडत होती पोरगी. काच वाढली का एक तरी?" बांगडी फुटली असं ती कधी म्हणत नसे, वाढली म्हणायचं.

महांतेशनं डबा खाली ठेवला. "न्हाय वाढली," तो कबूल झाला. "पर दाराची रुंदी बघा. गाडीचं हँडल आत शिरत न्हाय, त्याला म्या काय करू?"

कठड्याला आत जायला एक अरुंद जागा होती, माणसापुरती. हसीनाबीनं तिथं आपली वीत लावली, मग हँडलला लावली. चार बोटांचा फरक होता. ती जराशी हसली.

"दोन-सहा मापाच्या हातात दोन-चारची बांगडी कशी चढती ठावं हाय? सरळ लोटली तर जन्मात चढत न्हाय. आधी अंगठा मुडपायचा, एक बाजू घालायची, मग दुसरी. धर मागनं."

आधी तिनं सीटखालची बॅटरी काढली. गाडी एकदम हलकी झाली. मग फळीवरून चढवताना हँडल पार डावीकडं मुरडलं, उजवी मूठ आधी आत घातली, गाडी जराशी कलती केली आणि "लोट सावकास, लई घाई नगं" म्हणत डावी मूठ पाइपाला घासून आत ओढली. पाइपाला ओरखडा पडला. गाडी आत.

तेवढ्यात सहलीची माणसं आली. लोहाऱ्याचे कल्याणप्पा, पोस्टातून निवृत्त झालेले, आणि त्यांची बायको प्रेमाबाई. गाडी बघून कल्याणप्पा फळीवरच थबकले.

"बॅटरीची गाडी? पाण्यात करंट उतरला म्हंजे? सगळेच चिकटू की आपण!"

"साहेब, करंट माझ्या मांडीवर हाय," हसीनाबी म्हणाली. गोधडीत गुंडाळलेली बॅटरी तिनं तान्ह्या लेकरासारखी मांडीवर घेतली होती. "तुमी बसा तिकडं लांब."

"चला हो," प्रेमाबाई आत येऊन बसल्यासुद्धा. "घरी गीझरला हात लावाया मला पुढं करता, हितं तरी शूर व्हा."

कल्याणप्पा बसले. पण महांतेश अजून डोकं खाजवत होता. मधल्या पाण्यात वारा असतो, बोट डुलते. गाडी एका अंगाला कलली तर बोट त्याच अंगाला जाणार. "मावशी, साफ सांगतो. मधे गाडी हलली, तर तितनंच माघारी फिरवीन."

हसीनाबीनं गाडीकडं बघितलं. स्टँडवर उभी होती, चारी बाजूंनी मोकळी. पेटीत एकच तोडा टाकावा तशी. तिची नजर बाकड्याखालच्या नारंगी ढिगाकडं गेली.

"ही जाकिटं किती हायत रं?"

"अठ्ठावीस."

"माणसं किती?"

"चार."

"मग चौघांनी घाला. राहिलेली दे हिकडं."

महांतेशला कळेपर्यंत तिनं सुरुवात केली होती. स्टँड काढून गाडी दोन बाकड्यांच्या मधोमध उभी केली. चाकाशेजारी जाकीट, चाकापुढं जाकीट, पाय ठेवायच्या फळीखाली दोन, हँडल आणि कठड्याच्या मधे चार. जिथं फट दिसेल तिथं बोट घालून बघायची, बोट शिरलं की जाकीट कोंबायची. मग महांतेशचा दोर घेतला, बांगड्या ओवतात तसा सगळ्यांतून एका फेऱ्यात काढला आणि आवळला. शेवटी दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवायला गेली, तर गाडीऐवजी बोटच हलली.

"आता सोड."

मधल्या पाण्यात वारा आलाच. छताची झालर फडफडली, बोट एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला गेली. कल्याणप्पांनी बाकडं धरलं आणि डोळे मिटले. महांतेश गाडीकडं बघत होता, प्रेमाबाई गाडीकडं बघत होत्या. हसीनाबी मात्र पेट्यांवर कान टेकून वाकली होती. बोट डुलत होती, पाणी चपाचपा आपटत होतं, आणि पेट्या मुक्या होत्या. गाडी तर बोटभरसुद्धा हलली नाही.

"आयला," महांतेश म्हणाला. "ह्या जाकिटांचा एवढा उपेग पहिल्यांदाच झाला बघा."

पल्याड उतरवताना मागनं महांतेशनं धरलं, पुढनं चक्क कल्याणप्पांनी. "करंट न्हाय ना चालू?" त्यांनी तीनदा विचारलं. हसीनाबीनं बॅटरी बसवली, चावी फिरवली. दिवा लागला. प्रेमाबाईंनी टाळ्या पिटल्या आणि देवळात जायचं सोडून गाडी चढण चढून दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

चन्नम्माआवाच्या दारात मांडव होता, हळदीच्या पाट्याभोवती बायका होत्या, आणि ओसरीवर पार्लरवाली पोरगी आपली चकचकीत पेटी उघडून बसली होती. तिच्यापुढं चहाचे तीन रिकामे कप होते. म्हातारी तिला चौथा देत होती.

"आजी, पुरे आता. उशीर होतोय."

"पी ग बाई, थंडी हाय. घड्याळात अजून बारा मिन्टं हायत." तेवढ्यात म्हातारीला गाडीचा भोंगा ऐकू आला. कप तसाच हातात घेऊन ती बाहेर आली. "आली! बघा, माझी मणेरीण आली! कशी आलीस ग?"

"बोटीतनं."

"आन गाडी?"

"गाडी बी बोटीतनं."

मांडवातल्या बायका एकदम हसल्या. कालपर्यंत सेट सेट करणारी आत्या पुढं आली आणि पेटी उतरवायला हात लावला. हसीनाबीनं ओसरीवर बैठक मारली, पेटी उघडली, चिंध्या बाजूला सारल्या. हिरवा चुडा उन्हात लखलखला. चन्नम्माआवानं वाकून एकेक तोडा बघितला.

"एकबी वाढली न्हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

शिवरंजनीचा हात हसीनाबीनं मांडीवर घेतला, बोटं चोळली, अंगठा मुडपला. "हात सैल सोड, बाय. माझ्याकडं बघ. सासर कुठलं?" पोरगी सासर सांगेपर्यंत चार बांगड्या मनगटात होत्या. एक हात, दुसरा हात. अकराला दोन मिनिटं कमी असताना चुडा भरून झाला. हसीनाबीनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. बायकांनी हळदीचं गाणं धरलं.

मग रांगच लागली. आत्या, मावश्या, शेजारणी. तिघींनी आपापल्या घरच्या लग्नाच्या तारखा तिथंच सांगून टाकल्या. सगळ्यांच्या शेवटी पार्लरवाली पोरगी जवळ सरकली, मनगटातलं घड्याळ काढलं आणि हात पुढं केला.

"मला बी भरा की. हिरव्याच. एवढ्या दाबून भरता, तरी दुखत कसं न्हाय वो?"

"बस हितं," हसीनाबी म्हणाली. "बघून घे."

दुपारी महांतेशचा फोन आला. तीनच्या फेरीला जाकिटं बाजूला काढून ठेवली होती, आणि मधलं एक बाकडंही त्यानं खोलून टाकलं होतं. "पुढच्या रविवारी बी हायसा ना मावशी? मालकाला सांगून टाकलंय म्या, मणेरीण आता नेमाची हाय म्हणून."

"हाय की," ती म्हणाली.

जेवण झालं. मांडवात वाजंत्री वाजत होती. हसीनाबीनं बॅटरी काढून चन्नम्माआवाच्या ओसरीतल्या बटणावर चार्जिंगला लावली, लाल दिवा लागलेला बघितला, आणि भिंतीला टेकून दुखरा गुडघा लांब केला. मग पदरात सुट्या बांगड्या घेतल्या, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, आणि बारा-बाराचे तोडे ओवायला लागली.